मांडवीची गोदामे, फोर्टातल्या विहिरी

१८९६ चा पावसाळा सरत आला तेव्हा मुंबईच्या मांडवी भागातल्या धान्याच्या गोदामांत उंदीर मरून पडत होते. शेजारच्या गल्ल्यांत माणसेही तापाने फणफणत होती, जांघेत नाहीतर काखेत गाठ येऊन दोन-चार दिवसांत दगावत होती. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस याच भागात रुग्ण तपासत होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी या तापाचे निदान केले: गाठीचा प्लेग. हे निदान सहज मान्य होण्यासारखे नव्हते, कारण प्लेग आहे असे एकदा कबूल केले की मुंबईहून निघणाऱ्या जहाजांना परदेशी बंदरांत अडवले जाणार हे व्यापारी आणि सरकार दोघांनाही ठाऊक होते. हाँगकाँगमध्ये १८९४ साली प्लेगने थैमान घातले होते आणि त्याच वर्षी येर्सिन व कितासातो यांनी रोगाचा जंतूही शोधला होता. जंतू सापडला होता, पण तो माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो हे कोणालाच सांगता येत नव्हते. ती वाट पुढे बऱ्याच अंशी मुंबईतच सापडली. आणि ती शोधताना एक शहर कशाकशाने बनलेले असते, याचा असा काही उलगडा झाला की जो तोवर कोणत्याही नकाशात किंवा म्युनिसिपालिटीच्या अहवालात नव्हता.

परिसंस्थेची कल्पना आर्थर टॅन्सली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली मांडली. शहरालाही ती लावता येते हे मान्य व्हायला आणखी काही दशके गेली. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या बर्लिनच्या मोकळ्या जागांत उगवलेल्या झाडाझुडपांचा हर्बर्ट सुकोप यांनी केलेला अभ्यास या शास्त्राच्या सुरुवातीच्या कामांत गणला जातो. मुंबईला हा धडा त्याआधीच मिळाला होता आणि तो फार महाग पडला होता. माझे म्हणणे असे की १८९६ ते १९२८ या काळात प्लेग आणि मलेरिया या दोन रोगांनी मुंबईचे जमीन, पाणी, धान्य, घरे आणि प्राणी एकमेकांत कसे गुंतले आहेत ते उघड केले. जिथे ही गुंतवण ओळखून काम झाले तिथे छोट्या उपायानेही माणसे वाचली, आणि जिथे एकेका खात्याने आपापला तुकडा दुरुस्त केला तिथे दुखणे फक्त जागा बदलत राहिले.

या गोष्टीची सुरुवात समुद्र हटवण्यापासून करावी लागते. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी बेटांच्या पोटात शिरत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास, तिथे बांध पुरा झाला. मग शीवचा, कुलाब्याचा, माहीमचा असे रस्तेवजा बांध एकामागून एक झाले आणि सात बेटांचे एक शहर झाले. पण बांधामागची जमीन उंच झाली नव्हती. कामाठीपुरा, भायखळा, ताडदेव या पट्ट्यातला बराचसा भाग भरतीच्या पातळीच्या खालीच राहिला आणि त्यातला मोठा भाग शहराचाच केरकचरा टाकून भरत आणला गेला. पावसाचे पाणी वाहून जायला उतार नाही, भरती आली की गटारांची तोंडे बंद, आणि पायाखाली कुजणारी भर. अशा जमिनीवर १८५४ नंतर गिरण्या आल्या आणि गिरण्यांमागे माणसे आली.

माणसांना पाणी हवे होते. तोवर शहर विहिरींवर आणि तलावांवर जगत होते. १८५० च्या दशकात पावसाने ओढ दिली, विहिरी आटल्या आणि हेन्री कॉनीबेअर याच्या योजनेनुसार मिठी नदीच्या उगमाकडचे पाणी अडवून १८६० पर्यंत विहारचा तलाव उभा राहिला. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये सुमारे शंभर किलोमीटरवरून तानसाचे पाणी आले. नळाचे पाणी ही मुंबईची अभिमानाची गोष्ट होती आणि तो अभिमान रास्तच होता. पटकीला आळा घालण्यात शुद्ध पाण्याचा वाटा मोठा आहे. पण आत आलेले पाणी बाहेरही जावे लागते, याचा विचार मागे पडला. मैलावाहिन्यांचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. दोन इमारतींच्या मधे जी हातभर रुंदीची सांद सोडलेली असे, तिला मुंबईकर आजही हाऊसगल्ली म्हणतात. संडासांची टोपली तिथेच, मोरीचे सांडपाणी तिथेच, वरच्या मजल्यांवरून टाकलेला केरही तिथेच. पाणी वाढले तशी ही गल्ली कायमची ओली झाली आणि गटारातल्या उंदराला हवे ते सगळे तिथे मिळू लागले.

तिसरी गोष्ट धान्य. रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली, प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये आणि व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये. देशातला गहू बाहेर जाई, बाहेरचा तांदूळ आत येई, आणि हा सारा माल मांडवीच्या गोदामांत गोण्यांच्या थप्पीवर थप्पी लावून ठेवला जाई. गोदामाच्या वरच्या मजल्यांवर माणसे राहत. काळा उंदीर चढण्यात पटाईत. तो तुळईवर, कौलांखाली, अडगळीत घर करतो आणि माणसापासून फार लांब जात नाही. त्याच्या अंगावरच्या पिसवेच्या अळ्या गोण्यांच्या तळाशी साठलेल्या धान्याच्या भुशाधुळीत वाढतात, म्हणजे उंदीर आणि पिसू या दोघांचीही सोय एकाच थप्पीत. त्यातच १८९६ साली पावसाने दगा दिला आणि दुष्काळामुळे धान्याची ने-आण वाढली. हाँगकाँगकडून जहाजाने आलेल्या रोगाला उतरायला याहून सोयीची जागा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर दुसरी नव्हती.

म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो याच्यापुढे ऑक्टोबर १८९६ मध्ये जी कल्पना होती ती त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांची होती: रोग घाणीतून आणि ओल्या जमिनीतून निघतो. मग गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ओतले गेले, घरे चुन्याने रंगवली, गोदामे रिकामी करून धुतली, अंथरुणे-पांघरुणे जाळली. अंधाऱ्या खोल्यांत उजेड यावा म्हणून छपराची कौले काढली आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या दारांवर तशी इंग्रजी अक्षरे रंगवली. यातले काही उपाय निव्वळ निरुपयोगी होते. गटारे खळखळून धुतल्याने, गोदामे उपसल्याने उंदीर आजूबाजूच्या घरांकडे पळाले असणार आणि रोगाला त्याचा फायदाच झाला असणार. स्नो आळशी किंवा निष्काळजी नव्हता, त्याने रात्रंदिवस काम केले. त्याच्याजवळच्या चित्रात उंदीर आणि माणूस यांना जोडणारी कडी नव्हती, एवढेच.

मात्र त्याच स्नोला शहराची एक वेगळी कडी इतर कोणाहीपेक्षा लख्ख दिसली आणि त्याने ती आपल्या अहवालात नोंदवून ठेवली. मुंबईचा मैला रोज हाताने उचलणारे हलालखोर होते, त्यांतले बरेचसे गुजरात-काठेवाडातून आलेले. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला तशी शहरात भीतीची लाट उठली, आणि महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. स्नोपुढचा खरा धोका दंगलीचा नव्हता. हलालखोर घाबरून गावी निघून गेले तर काही दिवसांत हे शहर राहण्याजोगे उरणार नाही, हे त्याने ओळखले होते. हुकूम सैल करण्यामागे हे एक मोठे कारण होते. आठ लाखांच्या शहराची सारी चयापचय क्रिया जातीने बांधून टाकलेल्या, सर्वांत हलके समजले जाणाऱ्या काही हजार माणसांच्या हातांवर चालली होती. शहराच्या परिसंस्थेविषयी लिहिताना झाडे, पक्षी, नद्या यांची नावे पटकन येतात. मुंबईच्या कागदपत्रांत मात्र या परिसंस्थेतला सर्वांत निर्णायक जीव म्हणून टोपली वाहणारा माणूस समोर येतो, आणि त्याची ही नोंद माणुसकीपोटी झालेली नाही, भीतीपोटी झालेली आहे.

त्या हिवाळ्यात मुंबई ओस पडू लागली. बोटींनी कोकणात, आगगाडीने घाटावर आणि गुजरातेत, वाट फुटेल तिकडे लोक निघाले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत निम्मे शहर रिकामे झाल्याचे तेव्हाच्या नोंदी सांगतात. गिरण्यांना माणसे मिळेनात, एरवी महिन्याचा पगार महिनोन् महिने अडकवून ठेवणारे मालक रोजच्या रोज रोख मजुरी मोजू लागले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, मार्चमध्ये जनरल गॅटेकर याच्या हाताखाली प्लेग कमिटी आली. हाफकिनने त्याच जानेवारीत आपली लस स्वतःला टोचून घेतली. पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना १० मार्चला गेल्या आणि घरझडत्यांच्या संतापातून २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. हा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. तुलनेने कमी परिचित आहे ते या दडपशाहीच्या आड चाललेले दुसरे ज्ञान. गावोगावचे लोक अनुभवाने शिकले होते की घरात उंदीर पडला की घर सोडायचे, रानात झोपड्या घालून राहायचे आणि साथ ओसरल्यावरच परतायचे. सरकार माणसाला माणसापासून तोडत होते, लोक मात्र स्वतःला घरापासून तोडत होते. पिसवेचे कोडे सुटल्यानंतर पाहिले तर लोकांचाच उपाय बरोबर दिशेने जाणारा होता.

ते कोडे सुटायला दहा वर्षे लागली. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ याने मुंबईत काम केल्यावर १८९८ मध्ये कराचीत एक प्रयोग केला: आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर यांच्यामध्ये फक्त पिसूच जाऊ शकेल अशी जाळी ठेवली, तरी निरोगी उंदीर मेला. बहुतेकांनी त्याचे हसे केले आणि सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशननेही त्याला मान दिला नाही. धागा पुन्हा उचलला तो मुंबईतल्या ग्लेन लिस्टन याने. राणीबागेतले गिनीपिग प्लेगने मेले तेव्हा त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा सापडल्या. मग त्याने चाळी पाहिल्या. एरवी माणसाच्या अंगावर उंदराची पिसू क्वचितच मिळे. जिथे उंदीर मरून पडले होते तिथल्या रहिवाशांच्या अंगावर मात्र त्या भरपूर मिळाल्या. उंदीर थंड पडला की भुकेली पिसू जवळ जो उबदार देह असेल त्यावर जाते. लिस्टनने हे सारे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे मांडले. पक्षी, साप आणि फुलपाखरे यांच्या अभ्यासकांच्या या संस्थेत शहराच्या सर्वांत भयंकर रोगाची उकल वाचली गेली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. तो प्रश्न खरोखरच त्यांच्याच शास्त्राचा होता.

१९०५ मध्ये नवे संशोधन मंडळ परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेच्या जागेत, कामाला बसले. त्यांचे प्रयोग वाचताना शास्त्र किती साधे असू शकते याचे नवल वाटते. आवारात छोट्या खोल्या बांधल्या, त्यांत प्लेगच्या उंदरांच्या पिसवा सोडल्या आणि गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातले प्राणी मेले, दोन फुटांवरचे जगले, कारण या पिसवेची उडी जेमतेम चार इंचांची. दुसऱ्या एका प्रयोगात पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंदीची चिकट कागदाची पट्टी पसरली. पट्टी ओलांडता न आल्याने पिसवा तिलाच चिकटल्या आणि आतला प्राणी वाचला. घाण, ओल, कुबट हवा यांचे सगळे वाद त्या सहा इंचांत संपले. हवा पट्टीवरून जात होती, रोग जात नव्हता.

मंडळाने एका वर्षात लाखाहून जास्त उंदीर तपासले. शहराच्या भागाभागांतून मेलेले आणि पकडलेले उंदीर येत, प्रत्येकाची जात, जागा, तारीख लिहिली जाई. त्या नोंदींतून जे चित्र उभे राहिले ते या साऱ्या प्रकरणातले मला सर्वांत मोलाचे वाटते. रोग आधी गटारात आणि हाऊसगल्लीत राहणाऱ्या तपकिरी उंदरांत वाढे. काही दिवसांच्या अंतराने तो घरातल्या काळ्या उंदरांत दिसे. त्यानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनी माणसे आजारी पडत. हिवाळ्याअखेर आणि वसंतात तो टिपेला पोचे, कडक उन्हाळा आणि पावसाळा आला की ओसरे, कारण जास्त उष्णता त्या पिसवेच्या पोटातल्या जंतूला मानवत नसे. गटारापासून कौलापर्यंत, कौलापासून अंथरुणापर्यंत असा हा जिना होता. तो कोणी बांधला होता? अपुऱ्या मैलावाहिन्यांनी खालची पायरी बांधली, गोदामावर बिऱ्हाडे ठेवणाऱ्या भाड्याच्या हिशेबाने मधली, आणि दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसांना जमिनीवर झोपायला लावणाऱ्या मजुरीने वरची. गिरणीच्या खोल्यांत बाजेला जागाच नव्हती आणि पिसवेला तर चार इंच पुरत होते.

याच काळात सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काम करत होता. तो १८९८ मध्ये स्थापन झाला, त्याचा पाया रोग दाट वस्तीच्या हवेत आहे या समजुतीचा. समुद्रावरचा वारा वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते घरे पाडून काढले गेले. रस्ते चांगले झाले आणि आजही उपयोगी आहेत. पण पाडलेल्या घरांतली गरीब माणसे कामापासून लांब जाऊ शकत नव्हती, ती शेजारच्या आळीत आणखी दाटीने शिरली आणि त्यांच्यासाठी नव्या चाळी पुरेशा वेगाने उठल्या नाहीत. ट्रस्टच्या बाजूने असे म्हणता येईल की पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती त्यानेच उभ्या केल्या, आणि ते खरे आहे. परंतु त्या मुख्यतः मध्यमवर्गाच्या झाल्या. नागपाड्यातून उठवलेल्या बिगाऱ्याला त्यांचा उपयोग नव्हता. हवा खेळती झाली, उंदीर-पिसू-माणूस हे अंतर मात्र पूर्वीइतकेच राहिले.

प्लेगचे कोडे सुटते न सुटते तोच शहराने दुसरे कोडे पुढे केले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फोर्ट आणि गोदीच्या परिसरात मलेरिया वाढला. मलेरिया म्हणजे दलदल, भातखाचरे, रान अशी समजूत. आणि इथे तर तो शहराच्या सर्वांत श्रीमंत, दगडी फरसबंदीच्या भागात होता. चार्ल्स बेंटले याने चौकशी करून १९११ मध्ये अहवाल दिला. दोषी ठरला तो अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी हा डास, ज्याचे वर्णन लिस्टननेच १९०१ मध्ये केले होते. हा डास घाणीकडे फिरकत नाही. त्याला स्वच्छ, संथ, सावलीतले पाणी लागते, आणि तसे पाणी फोर्टातल्या घराघरांत होते: अंगणातल्या विहिरी, हौद, कारंजी, गच्चीवरच्या टाक्या. विहार-तुळशी-तानसाच्या नळांनी विहिरींची गरज कमी केली होती, पण विहिरी बुजवल्या नव्हत्या. उपसा थांबल्याने त्यांचे पाणी अधिकच निवांत झाले. नळाची योजना आखणाऱ्या अभियंत्याला डासाचा विचार करण्याचे कारण नव्हते आणि डास पाहणाऱ्या डॉक्टरला नळाचा. एका खात्याचे यश दुसऱ्या खात्याचा रोग होऊन आले.

बेंटलेचा उपाय होता विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका. त्याला विरोध झाला, मुख्यतः पारशी, हिंदू आणि जैन समाजांकडून, आणि तो विरोध अडाणीपणाचा म्हणून उडवून लावण्याजोगा नव्हता. पारशांच्या धर्माचारात विहिरीच्या पाण्याला स्थान आहे. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर आजही श्रद्धेने जपली जाते. अनेक हिंदू-जैन घरांना पूजेला नळाचे पाणी चालत नव्हते. शिवाय नळ आटला तर काय, ही शंका त्या काळी अगदी व्यवहारी होती. तोड निघाली ती अशी की धार्मिक गरजेच्या विहिरींवर बारीक तारेची जाळी आणि घट्ट बसणारे झडपेचे दार बसवायचे. पोहरा जाईल, डास जाणार नाही. जिथे हे काटेकोर पाळले गेले तिथे मलेरिया उतरला. पहिल्या महायुद्धानंतर लक्ष ढळले, जाळ्या फाटल्या, टाक्यांची झाकणे निखळली आणि ताप परत आला. १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेलला तीच पाहणी पुन्हा करावी लागली आणि त्याने तोच डास त्याच तऱ्हेच्या पाण्यात दाखवला. नवे काही शोधायचे नव्हते, जे ठाऊक होते ते दर आठवड्याला करत राहायचे होते, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

या दोन्ही प्रकरणांना एकत्र बांधणारा विचार करणारा माणूसही त्या काळात मुंबईत होता. पॅट्रिक गेडीस मूळचे जीवशास्त्रज्ञ. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक झाले. त्याआधी हिंदुस्थानातली अनेक शहरे त्यांनी पायी फिरून पाहिली होती. सरसकट पाडापाडी करून रुंद रस्ते काढण्याच्या पद्धतीवर त्यांनी कडक टीका केली. मोजकी घरे काढून उजेड-वारा आणि चौक मोकळे करा, बाकी वस्ती जिवंत ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. मलेरियाच्या भीतीने तलाव बुजवण्यालाही ते विरोध करत. तलावात मासे आणि बदके ठेवा, ते डासांच्या अळ्या खातील, असे त्यांचे म्हणणे होते. होळकरांच्या इंदुरात त्यांनी शहराचा आराखडा करताना दिवाळीची मिरवणूक काढली, तिच्यात प्लेगचा प्रचंड उंदीर आणि मलेरियाचे डास यांची सोंगे होती, आणि ज्या आळ्या सर्वांत स्वच्छ त्यांच्यातून मिरवणूक नेण्याचे जाहीर केल्याने लोकांनी घरे-गल्ल्या झाडून काढल्या. मला त्यांच्या सगळ्या सूचना पटत नाहीत. फोर्टातल्या बंदिस्त हौदांना बदकांचा काही उपयोग नव्हता, तिथे बेंटलेची जाळीच हवी होती. पण शहरातला उंदीर, तलाव, सण आणि झाडूवाला हे एकाच आराखड्याचे विषय आहेत हे त्यांना जसे दिसले तसे ट्रस्टच्या कोणाला दिसले नाही.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. प्लेग मुंबईत पुढे ओसरला तो या ज्ञानामुळे नव्हे. उंदीर मारण्याच्या मोहिमा झाल्या तरी उंदीर संपले नाहीत, चाळी तशाच राहिल्या, आणि तरीही १९२० नंतर रोग कमी होत गेला. मग परिसंस्था समजून काय साधले? आक्षेपातली वस्तुस्थिती बरोबर आहे. हाफकिन संस्थेतल्या प्रयोगांत असे दिसले की वर्षानुवर्षे प्लेग सोसलेल्या मुंबईचे उंदीर या जंतूला पुष्कळ प्रमाणात दाद देईनासे झाले होते, तर जिथे प्लेग फारसा शिरला नाही त्या मद्रासचे उंदीर लगेच मरत. जे कमकुवत ते मेले, जे उरले त्यांची पिल्ले कणखर निघाली. मद्रास का वाचले याचे उत्तरही पिसवेत सापडले. तिथे दुसऱ्या जातीची पिसू जास्त आणि ती रोग नीट पसरवत नाही. म्हणजे रोग हटला तो परिसंस्थेच्या आतल्याच बदलाने, देशभर सुमारे एक कोटी माणसे बळी घेऊन. शहर परिसंस्था आहे याचा याहून स्पष्ट पुरावा नाही, आणि ती आपल्या सोयीने चालत नाही याचाही. मलेरियाच्या बाबतीत मात्र ज्ञान थेट कामी आले, कारण तिथे तोडायची कडी नेमकी, स्वस्त आणि हाताला येणारी होती.

दुसरा आक्षेप राजकीय आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. उंदीर-पिसवांची भाषा वापरली की वसाहतीची सत्ता, घरमालकांची लूट आणि जातीची सक्ती हे सगळे निसर्गाच्या नावाखाली झाकले जाते, असे काही अभ्यासक म्हणतात. तसे झालेलेही आहे. गरिबांच्या वस्त्यांना रोगाचे घर ठरवून त्या उठवण्यात ही भाषा वापरली गेली. परंतु परळच्या नोंदी नीट वाचल्या तर त्या गरिबाच्या सवयींवर बोट ठेवत नाहीत. गोदामावर बिऱ्हाड, बिनगटाराची हाऊसगल्ली, जमिनीवरची झोप ही कारणे दाखवतात, आणि या प्रत्येकामागे कोणीतरी घेतलेला निर्णय आणि मिळवलेला नफा आहे. परिसंस्थेची दृष्टी जबाबदारी पुसत नाही. ती कोणत्या पायरीवर कोण उभा आहे ते सांगते.

मुंबईने यातले काही जपले. पालिकेचे कीटकनाशक खाते आजही टाक्यांवर चढून झाकणे तपासते, विहिरींत गप्पी मासे सोडते, आणि रात्रपाळीचे कामगार काठी-विजेरी घेऊन गल्लीबोळांत उंदीर मारतात. काही मात्र विसरले. नळाला पाणी ठरावीक तासच येते, म्हणून प्रत्येक इमारतीला टाकी आणि प्रत्येक झोपडीला पिंप लागते. पाण्याचे वेळापत्रक हे डासांचेही वेळापत्रक आहे, तरी ते ठरवताना कीटकनाशक खात्याला विचारले जावे ही मागणी कोणी करत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठीचे पाणी घरांत शिरले, आणि पुढच्या महिन्यात उंदरांच्या मुतातून पाण्यात मिसळणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. नदी, उंदीर आणि घर यांना जोडणारा तोच जिना, फक्त पिसवेच्या जागी पाणी.

लिस्टनने ज्याचे वर्णन केले तो डास २०१२ मध्ये आफ्रिकेच्या टोकाला जिबूतीत सापडला. तिथून तो इथिओपियात आणि इतर देशांत पसरला. २०२२ मध्ये इथिओपियातल्या दिरे दावा शहरात मलेरियाची साथ आली, तिचा मोठा भार विद्यापीठाच्या वसतिगृहांवर पडला, आणि आजूबाजूच्या पाण्याच्या साठ्यांत स्टिफेन्सीच्या अळ्या मिळाल्या. आफ्रिकेतला नेहमीचा मलेरिया पावसाबरोबर वाढतो. ही साथ कोरड्या महिन्यांत आली, कारण या डासाला लागणारे पाणी पावसाचे नव्हते, माणसांनी साठवलेले होते.